यंदा तणस कुठी रचू?

२ ऑक्टोबर २०२५, दसरा
रोजनिशीची माफी. जवळपास वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्याजोगं एकच घडलं होतं आणि ते लिहायचं नव्हतं.
आज बाबांच्या जुन्या फियाटची पूजा केली. नीलिमाने हार घातला आणि म्हणाली, "हात जोडते, पण बसणार नाई."
मागच्या वर्षी सासुरवाडीला मंडईसाठी गेलो, तेव्हा गाडी अंगणात थांबली नाही. सासऱ्यांच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात थांबली. (पुणेकरांना मंडई म्हणजे वांगी. आमच्याकडे दिवाळीनंतरची जत्रा, लेकी-जावयांना बोलावणं, रात्री नाटक.) तेव्हापासून बायको माझ्या गाडीत बसत नाही, एसटीने जाते. चूक माझी होती का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही. ड्रम ब्रेकची.
संकल्प: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. यंदा नीलिमा शेजारी बसून मंडईला येणार.

१२ ऑक्टोबर
मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, यंदा तणस कुठी रचू? मांगच्याच जागी, का थोडं सामोर?" मागे बायकामुलांचं हसू. ज्या लोकेशला घर्षण म्हणजे काय माहीत नाही, त्याच्याशी काय बोलायचं? मी ते अकरावीला शिकवतो.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळी
किट आलं. सोबतचा कागद नीलिमाने मोठ्याने वाचला. मास्टर सिलेंडरही बदला. ड्रमचा जुना सिलेंडर पाय काढल्यावरही थोडा दाब धरून ठेवतो, मग डिस्क सुटत नाहीत. "लिहून आहे न इथी!"
विकणारे असंच लिहितात. शिवाय तो सिलेंडर मूळचा, बाबांच्या पायाखालचा. मी कंजूष आहे का? बराच विचार केला. नाही. परंपरा जपतो.

२ नोव्हेंबर
घुग्घुसला वहाबभाईंच्या गॅरेजात डिस्क बसल्या. मी पाना हातात घेतला तर म्हणाले, "सर, तुम्ही खुर्चीवर बसा, तेवढी मदत लय झाली." ट्रक दुरुस्त करणारा माणूस. देखरेख माझीच.
घराजवळच्या उतारावर गाडी मोकळी सोडली. हललीच नाही. काय पकड! चालताना जरा जड वाटते. भारदस्त म्हणू.

८ नोव्हेंबर
नीलिमाला उतारावरची पकड दाखवली. ती गाडीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "यावेळेस बसते. पुन्हा कधी विचारू नका."
पुन्हा विचारावंच लागणार नाही.

९ नोव्हेंबर, मंडई, नाटकाआधी
मूल गावच्या जंगलापर्यंत नीलिमा शेंगा सोलून देत होती. मग वास आला. मी म्हटलं, शेतात कोणी काही जाळत असेल. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा धूर आमच्याच चाकांतून निघत होता. सासुरवाडी दिसू लागली आणि गाडी थांबली. ब्रेक सुटेचनात. थांबण्याच्या बाबतीत गाडीला आता कोणी नाव ठेवू शकणार नाही, हे नोंदवतो.
लोकेश ट्रॅक्टर घेऊन आला. चाकं मोकळी करायला ब्रेकचं ऑइल काढून टाकावं लागलं. म्हणजे ब्रेकही गेले. नीलिमा उतरली आणि ट्रॅक्टरवर भावाशेजारी जाऊन बसली. मी मागे दोराला बांधलेल्या फियाटमध्ये, एकटा. जत्रेतून वरात निघाली.
अंगणात ट्रॅक्टर थांबला. मी नाही. स्टिअरिंग वेळेवर फिरवलं म्हणून ट्रॅक्टर वाचला, हे कोणीही बोललं नाही. तणसाचा ढीग मागच्याच जागी होता. हँडब्रेक आठवला, पण ढिगात शिरल्यावर.
सासऱ्यांनी तणसाजवळची म्हैस सकाळीच दुसरीकडे बांधली होती. मला हात देत म्हणाले, "जवाई, लागलं नाई न? चला, जेवून घ्या."
सगळे हसत होते, फक्त नीलिमा नाही. तिने माझ्या केसांतली काडी काढली आणि म्हणाली, "मी उद्या एसटीनं जाते. तुमचं तुम्ही पाहा."
सिलेंडर न बदलण्याचं तत्त्व पुन्हा तपासलं. बरोबरच होतं.
उद्या: तणस पुन्हा रचणे.