आक्काचा रिपोर्ट आला तेव्हा

प्रिय आक्का,

आज बीडला आम्हा नर्सबायांचं प्रशिक्षण होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखायच्या तीन तपासण्या मॅडमनी शिकवल्या आणि विचारलं, "आपल्या भागातल्या बायांना यातली कोणती बरी?" मला तू आठवलीस. उत्तर उद्या द्यायचंय, म्हणून तुला लिहितेय.

तुझी झाली ती पहिली, नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन लॅबला पाठवायची. दिंद्रुडच्या शाळेत शिबिर होतं, मीच तुला ओढत नेलं. रिपोर्ट महिन्याने येणार होता. पण दुष्काळाचं साल, विहिरी आटलेल्या, रानात काम नाही. चौथ्या दिवशी तू आणि दाजी टोळीबरोबर सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडायला गेलात, पार कोल्हापूरकडं.

रिपोर्ट माझ्या हातात पडला. बारावीत होते, 'पुढील तपासणी तातडीने' एवढं कळत होतं. टोळीच्या मुकादमाच्या फोनवर तुला गाठलं.

"आक्का, परत ये."

"कशी येऊ? कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतोय. मी उठले तर ह्यांनी एकट्यानं काय करायचं? आगाऊ पैसं घेतल्यात, मुकादम सोडतोय व्हय?"

"अंगावरून जातंय का अजून?"

"समद्याच बायांचं जातंय, सुमे. कारखाना बंद होऊ दे, मग येते."

त्याला चार महिने होते. 'तातडीने' हा शब्द मी तुला वाचून दाखवलाच नाही. तू घाबरशील वाटलं. खरं तर मीच घाबरले होते. पण तू तरी एकदा विचारायचंस ना, काय लिहिलंय म्हणून?

उन्हाळ्यात आलीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पसरलाय. दिवाळी काही तू पाहिली नाहीस.

दुसऱ्या तपासणीत व्हिनेगरसारखं औषध लावतात. मिनिटभरात पांढरा डाग दिसतो, बाईला तिथंच सांगता येतं. पण कधी साधी सूजही तशीच दिसते. तिसरी, ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो तो विषाणू शोधते. ती जास्त पक्की, नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. पण निकाल बहुधा मागाहून येतो.

उद्या मॅडमना सांगेन, बाई गावात राहणार असेल तर तिसरी. टोळी निघायच्या बेतात असेल तर दुसरी, आणि उपचार त्याच दिवशी.

एक कबूल करायचंय. एवढ्या बायांना समजावते, पण मी स्वतः अजून तपासून घेतलेलं नाही. तिशी उलटली. दरवेळी ड्युटीचं निमित्त काढते. खरी भीती ही, की काही निघालं तर. तुला मुकादमानं अडवलं होतं. मला कोण अडवतंय?

सोमवारी तलवाड्याला तपासणी आहे. त्या टेबलावर पहिली मी झोपेन. आणि जे निघेल ते लपवणार नाही, हा माझा शब्द.

तुझीच,
सुमन