एकाच जंगलातले सिंह

प्रिय दादा,

तुझी लाडकी सिंहीण, कानतुटी, गेली. कालपासून तुला फोन लावते आणि रिंग वाजायच्या आत कापते.

एकोणीस दिवसांत अकरा सिंह, दादा! पहिला छावा मेला तेव्हा नव्या नरानेच मारला असेल, असं सगळ्यांना वाटलं. कळप ताब्यात घेतला की नर आधीच्याची पिल्लं ठेवत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. पण अंगावर दाताची एक खूण नाही. मग त्याची आई नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, जबडा कडाकडा वाजवत, भेलकांडत आली. तिची बहीण तिला चाटत बसली, तिच्या उरलेल्या पिल्लांना स्वतःचं दूध पाजत राहिली, आणि चार दिवसांनी तीही आडवी झाली. माया करता करताच रोग पसरला. कानतुटीला तर तुटका कान दिसूनही मी शवविच्छेदनाच्या टेबलावर ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. शेवटी मिशांच्या मुळाशी असलेले, प्रत्येक सिंहाचे वेगळे असणारे ठिपके मोजले, तू वनरक्षक असताना मला दाखवायचास तसे. मोजले, आणि ती कानतुटीच निघाली.

आज तपासणीचा निकाल आला. डिस्टेंपर. कुत्र्यांचा रोग! आमचे साहेब कागद हातात धरून म्हणाले, "उरलेले सगळे याच एका जंगलात आहेत. दुसरीकडे कुठे चार असते तर निदान..."

मग पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यातले गेल्या महिन्याचे फोटो काढले. सिंहिणींनी टाकून दिलेल्या शिकारीला एक कुत्रा तोंड लावतोय. गळ्यात तुझ्या जुन्या गणवेशाचा पट्टा. आपला भुऱ्या! तो खोकतोय असं तू तेव्हाच सांगितलंस, मी हसण्यावारी नेलं. त्याआधी दोनदा म्हणालास, "अगं, त्याला लस तरी टोच." मी पडले सिंहांची डॉक्टर, घरच्या कुत्र्याला वेळ कुठला!

रक्त तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, पण माझं मन मला सांगतंय. उद्या सकाळी पथक तुमच्या वस्तीतली कुत्री तपासायला येतंय. तोवर भुऱ्याला घरात बांधून ठेव. दारात माणसं उभी दिसली की तू सगळं स्वतःच्याच डोक्यावर घेशील, ओळखते ना मी तुला! म्हणून त्यांच्याआधी हे पत्र ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. चूक तुझी नाही, दादा. दोन्ही वेळा लस माझ्या बॅगेत होती. अहवालात मी तसंच लिहिलंय.

तुझीच,
छोटी