दहांची हजेरी

सोमवार, २ डिसेंबर २०२४. सकाळी ६ वाजून १० मिनिटं.

चहाचा गॅस बंद आहे का हे तिसऱ्यांदा पाहून परत बसलो. बंद होता.

आजपासून रोजनिशी. वही बाबांची. चिखल्याच्या मँगनीज खाणीत ते हजेरीबाबू होते, सगळे मोशेबाबू म्हणायचे. तीन पाळ्या मिळून रोज चारशे माणसांची हजेरी. रिटायर होताना साहेबांनी विचारलं, काय देऊ, तर बाबांनी दोन कोऱ्या हजेरीवह्या मागितल्या. ही त्यातली एक.

संकल्प: रोज लिहिणे. खोडाखोड नाही. बढाई नाही.

आज ठाण्याच्या ज्यू युवक क्रीडा मंडळाला मेसेज पाठवला. हे लोक दर हिवाळ्यात एखाद्या लहान गावी टीम घेऊन जातात, सामना खेळतात, सेवाकार्य करतात. लिहिलं की, आमची भंडारा शाखा आपल्या स्वागतास उत्सुक आहे.

शाखा म्हणजे मी आणि आई. पण शाखेला कमीत कमी किती माणसं लागतात हे कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं.

गुरुवार, ५ डिसेंबर.

उत्तर आलं! अबिगेल मॅडम म्हणून आहेत, त्या सगळं बघतात. त्यांनी विचारलं, भंडाऱ्यात आपली कुटुंबं किती? मी लिहिलं, मोजणी सुरू आहे. हे खोटं नाही. मोजली. एक आहे.

तारीख मी सुचवली: रविवार, १९ जानेवारी. शनिवारी शब्बाथ, आपण प्रवास करत नाही. तो संपला की रात्रीची गाडी धरायची, सकाळी भंडारा रोडला उतरायचं. मॅडमना पटलं. कबड्डी ठरली.

नोंद: इब्री तारखेने बाबांची वर्षी १९ जानेवारीलाच येते. हा योगायोग आहे. कार्यक्रम जिल्ह्यातल्या युवक क्रीडेच्या विकासासाठी आहे.

तरी वस्तुस्थिती लिहून ठेवतो. बापासाठी मुलाने कद्दीश म्हणायचा असतो, पण ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. मागच्या वर्षी नागपूरला बाबांच्या मातीला मी आणि मामा, असे दोन होतो. आई थोड्या थोड्या वेळाने विचारायची, किती झाले? मी म्हणायचो, होताहेत. उन्हं उतरेपर्यंत म्हणत होतो.

नंतर तिने एकदाच म्हटलं, वर्षीला तरी दहा बघ रे. परत बोलली नाही.

बुधवार, ११ डिसेंबर. दुपारी, दुकानात.

यादी आली. एस. पेणकर, डी. थळकर, एम. चेऊलकर वगैरे. सगळ्यांची आद्याक्षरं आणि आडनावं. बारा खेळाडू, शिवाय दोन पुरुष स्वयंसेवक. मी धरून पंधरा. दहा जाऊन पाच शिल्लक!

घरी आल्याबरोबर आईला सांगितलं, दहा भरले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, मग मलिद्याला पोहे किती भिजवू? मलिदा म्हणजे पोहे, ओला नारळ, गूळ, सुकामेवा आणि पाच फळं. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने आम्ही करतो. दोन माणसांचा मलिदा मूठभर होतो. पंधरांचा करायचा तर परात लागेल म्हणाली.

मग म्हणाली, पण माणसं अशी मोजू नयेत रे, बरं नसतं. मी म्हटलं, बाबांनी तीस वर्षं तेच केलं. म्हणाली, ती खाणीतली.

मंगळवार, १७ डिसेंबर.

टीमचा फोटो आला. खेळाडू जरा लहान दिसतात. कॅमेरा वरून धरला असावा.

खेमराजला दाखवला. तो आमच्या फ्लेक्सच्या दुकानात बॅनर बांधायला बांबूवर चढतो आणि जवळच्या कारधा गावच्या कबड्डी टीमचा कप्तान आहे. त्याचा बाप चिखल्याच्याच खाणीत होता. म्हणाला, काहून बे इलायजा, हे तं पोट्टे हायेत. मी समजावलं की शहरात जागा कमी, हवा खराब, त्यामुळे वाढ बेताची होते. तो म्हणाला, इतकी?

पाहुण्यांना टी-शर्ट द्यायचे ठरवलं आहे. मॅडमनी माप कळवलं, २८ आणि ३०. टायपिंगची चूक असणार. सरसकट L सांगितले. शिवाय कापड धुतल्यावर आटतं. छातीवर मजकूर: भंडारा शाखा, वरिष्ठ गट. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर. संध्याकाळी ५.

इंग्रजी तारखेने बाबांना जाऊन आज वर्ष.

दुकानात नववर्षाचे चौदा फ्लेक्स. नऊ जणांनी 'हार्दीक' लिहून पाठवलं होतं. सगळे सुधारले. बारावीच्या इंग्रजीत मी राहिलो, पण माझ्या हातून चुकीची वेलांटी आजवर खांबावर चढलेली नाही.

मालक भय्याजी म्हणाले, तुमच्यात तेरवी नसते का गा? म्हटलं, वर्षी असते. म्हणाले, मंग बोलाव लोकं, जेवाले म्हटलं तं शंभर येतात. म्हटलं, मला दहाच पाहिजेत. म्हणाले, दहाले कायले रडतं, मी एकटा पंधरा आणतो.

पुढचा फ्लेक्स उघडला.

सोमवार, ६ जानेवारी २०२५.

मॅडमचे तीन मेसेज.

एक: दुपारी सगळ्यांना दूध मिळेल का? (प्रथिनांसाठी. आपल्या पोरांनी शिकावं.)

दोन: मैदानाजवळ झोपाळे आहेत का? (वॉर्मअपची नवी पद्धत असावी.)

तीन: पालकांच्या सहीची संमतीपत्रं घेऊन येतोय. हे वाचून फार बरं वाटलं. एवढे मोठे झाले तरी आईबापांना विचारून घराबाहेर पडतात.

चार लिटर दुधाची ऑर्डर दिली. झोपाळ्याचं जमलं नाही.

रविवार, १२ जानेवारी.

कारध्याला नदीकडच्या मैदानावर गेलो. खेमराजची टीम जोरात सराव करते आहे. सातही जण येणार. गोलू म्हणून त्यांचा एक गडी आहे, दारातून आडवा होऊन जातो. त्याला सांगितलं, पाहुण्यांना जपून पकड.

परत येताना खेमराज म्हणाला, एक डाव वय विचारून घे ना बे, त्यात काय जाते तुहं? मी म्हटलं, पाहुण्यांना वय विचारणं हा अपमान आहे.

घरी येऊन मेसेज टाइप केला: खेळाडूंची वये कळवावीत. 'वये' लिहावं की 'वयं' यावर विचार केला. मग पुसला. परत टाइप केला. परत पुसला.

संकल्प: विनाकारण शंका घेणार नाही.

गुरुवार, १६ जानेवारी.

आईने बाबांची प्रार्थनेची शाल ट्रंकेतून काढून उन्हात घातली. दिवसभर तारेवर होती. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, पाहुणे येऊन राहिले वाटते. आई म्हणाली, दहा जण. मग म्हणाली, जास्तच.

संध्याकाळी मामाचा फोन होता. त्याचा गुडघा सुजलाय, तरी बसने येतो म्हणत होता. आई म्हणाली, नको त्रास घेऊस, दहा भरलेत, तू नाही आलास तरी चालेल. मी पलंगावर बसून ऐकत होतो. ॲसिडिटीची गोळी घेतली.

मामाला परत फोन करायचं मनात आलं. पण काय कारण सांगणार? कारण काही नाहीच.

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळी ७.५०.

शब्बाथ संपला, म्हणून लिहितो आहे. आईने वर्षीचा दिवा लावला. तो उद्या संध्याकाळपर्यंत जळतो. तेल पुरेल ना म्हणून मी दोनदा पाहिलं.

मॅडमनी गाडीतला फोटो पाठवला. एका बाकावर सहा जण बसलेत.

आजकाल बाक मोठे करतात.

रविवार, १९ जानेवारी. सकाळी १०.५०. भंडारा रोड स्टेशन, प्लॅटफॉर्म.

गाडी आली. उतरले. हातात हात धरून, दोघा-दोघांच्या रांगेत.

सगळ्यात उंच माझ्या छातीपर्यंत. एकाच्या पाठीवर हत्तीचं दप्तर.

पाच मुली आहेत.

पुढे लिहीत नाही.

सोमवार, २० जानेवारी. सकाळी ६.१०.

काल राहिलं ते लिहितो. गॅस बंद आहे.

टीम बारा वर्षांखालची आहे. ते दर वर्षी लहान मुलांचीच टीम आणतात. तसं त्यांच्या पहिल्या मेसेजमध्येच होतं. मी काल स्टेशनवर फोनमधले जुने मेसेज काढून परत वाचलं. ५ डिसेंबरला ते वाक्य मी वाचलं होतं की नव्हतं, हे आठवत नाही. आठवून पाहिलेलं नाही.

मॅडमनी इकडेतिकडे बघून विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी म्हटलं, आई घरी आहे. त्यांना वाटलं मी पुढे बोलेन. मग त्यांना कळलं. इथल्या आपल्या मुलांसाठी म्हणून त्यांनी तीस रंगपेट्या आणल्या होत्या. त्या एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत भरल्या आणि म्हणाल्या, असू द्या, कारध्यात मुलं असतीलच की. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टी-शर्ट वाटले. घोट्यापर्यंत नाही, पण गुडघ्याच्या खाली आले. थळकर नावाचा मुलगा चढाईला गेला आणि टी-शर्टात पाय अडकून मध्यरेषेवरच पडला. एझ्रा म्हणून सगळ्यात लहान, वय आठ, त्याने गोलूच्या ढोपराला बोट लावलं, तर गोलू मेलो मेलो म्हणून हातपाय पसरून पडला. मुलं त्याच्या अंगावर चढली. सामना पाहुणे जिंकले. एकतीस-चार. खेमराज मला म्हणाला, वरिष्ठ गट लय भारी हाय बे तुहा. मग माझ्या तोंडाकडे पाहून मुलांना पाणी द्यायला गेला. वर्षीचं त्याला माहीत होतं.

तीन वाजता सगळे घरी. कारध्याची टीमही आली. आई दारात उभी, हातावर बाबांची शाल. मुलं एकेक करून चपला काढून तिच्यासमोरून आत गेली. शेवटचं गेल्यावर तिने विचारलं, किती झाले?

होताहे... एवढं माझ्या तोंडून गेलं. मग म्हटलं, तीन.

ती आत वळून म्हणाली, सगळ्यांनी हात धुऊन घ्या, पोहे भिजलेत.

दोन स्वयंसेवकांपैकी हायम सर वयाने मोठे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कद्दीश म्हणता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. खेमराज ऐकत होता. म्हणाला, किती कमी हायेत? सर म्हणाले, सात. खेमराज म्हणाला, मंग आमी कोण हाओत? कबड्डीत सातच रायतेत. सर हळूच म्हणाले, तसं चालत नाही हो. तेव्हा खेमराज चिडला. म्हणाला, मोशेबाबूनं माह्या बापाची हजेरी वीस वर्षं लावली, जिवंत असताना एक दिवस खाडा पडू देल्ला नाही, अन् त्यायच्यासाठी माही हजेरी नाही चालत?

सर म्हणाले, उभं राहायला कोणालाच मनाई नाही.

म्हणून उभे राहिले. सातही जण भिंतीला लागून, डोक्यावर रुमाल. गोलूकडे रुमाल नव्हता, आईने त्याला ताटावरचा दिला. मुलं पुढे, लांब टी-शर्टांत. बाबांची शाल माझ्या खांद्यावर होती. सरांनी एक स्तोत्र मराठीत वाचलं. मुलं आमेन म्हणायची, मग कारध्याची टीम म्हणायची, जरा मागून. त्यांच्यातल्या तुलारामने एकदा मध्येच म्हटलं आणि मुली हसल्या. आई पण हसली, मी पाहिलं. एझ्रा बाबांच्या खाटेवर झोपून गेला होता.

कद्दीश झाला नाही.

मलिदा सगळा संपला. परात खेमराजने घासली. गाडी साडेसातची. त्यांना बसवून परत आलो तेव्हा दिवा विझला होता आणि आई शाल घडी करत होती. म्हणाली, मामाला फोन कर. सांग त्याला, आला असता तरी चारच झाले असते.

म्हणजे तिने मोजलं होतं.

खर्च:
टी-शर्ट १२, रु. २,१६०
टेम्पो, जाऊन-येऊन, रु. १,४००
फ्लेक्स (भंडारा शाखा आपले हार्दिक स्वागत करते), रु. ४८०
पोहे, नारळ, गूळ, सुकामेवा, फळं, रु. १,१२५
दूध ४ लिटर, रु. २४०
एकूण रु. ५,४०५

देणे:
भय्याजी, टी-शर्ट आणि फ्लेक्सचे, रु. २,६४०. पगारातून कापतील.
टेम्पोवाला, रु. ४००
बाबा, माणसं ७

टीममधले मुलगे सात. सातही जन्मतारखा संमतीपत्रांवरून उतरवून घेतल्या आहेत. सगळ्यात शेवटी एझ्रा तेरा पूर्ण करेल, मार्च २०२९मध्ये. त्यांचे सात आणि कालचे तीन. म्हणजे मुदत २०२९च्या डिसेंबरातली वर्षी (इब्री तारखेने त्या वर्षी ती डिसेंबरात येते).

टी-शर्ट तोवर बरोबर होतील.