ताईला घेतलं नाही

४ ऑगस्ट
हॉस्पिटलमधून कळलं. मला घेतलं, ताईला नाही. तिचं बीपी जास्त. सलाईनमधून द्यायच्या केटामाइन औषधानं ते आणखी चढतं, म्हणून डॉ. नको म्हणाले. खरं तर नैराश्यावरच्या या संशोधनाची बातमी तिनंच आणली होती. मी अंथरुणातून उठत नव्हते तेव्हा मला ओढत नेलं तिनंच. दोघींचं दुखणं एकच, म्हणायची, औषधही एकच घेऊ. आज रिक्षात म्हणाली, "एकीला तरी मिळालं."

११ ऑगस्ट
पहिलं सलाईन. डोळ्यांवर पट्टी. हात कुठे संपतात ते कळेना. मग आपणच खोलीभर पसरलोय असं... नीट लिहिता येत नाही. भीती मात्र नाही. घरी न्यायला माणूस लागतं, ताईच बाहेर बसलेली. "काय दिसलं गं?" "काही नाही, गुंगी होती." खोटं का बोलले?

१३ ऑगस्ट
आपणहून उठून केस धुतले. पोह्यांना चव लागली. इतक्या महिन्यांनी. ताईचा फोन आला तेव्हा आवाज मुद्दाम मलूल केला.

१८ ऑगस्ट
दुसरं झालं. येताना देवळाली कॅम्पच्या बाजारात उतरलो. ताई भेंडी हातात धरून नुसती उभी. भाजीवाली दोनदा म्हणाली, "घ्यायची ना, ताई?" शेवटी मीच निवडली. तिच्या घरी जाऊन चिरूनही दिली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

२० ऑगस्ट
डॉ.ना फोन. माझी जागा ताईला द्या म्हटलं. म्हणाले, "तुम्ही सोडलंत तरी त्यांना घेता येणार नाही. त्यांच्या नेहमीच्या गोळ्या चुकवू देऊ नका." बरोबरच आहे. पण फोन ठेवल्यावर हायसं वाटलं. माझं सलाईन वाचलं म्हणून. सख्खी बहीण मी.

२४ ऑगस्ट
ताईला म्हटलं, उद्या सलाईनला ह्यांना घेऊन जाते, तू दमतेस. म्हणाली, "वैशू, तू बरी होतेयस ते मला दिसत नाही का? आवाज पाडून नको बोलूस माझ्याशी. तिथे काय होतं ते सांग."
सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होती.
"मी होते का गं त्यात कुठे?"
नव्हती. तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही. उठून पदर खोचला.
"उद्या उपाशीपोटी जायचंय ना तुला? लवकर निघू. मीच येते."