खणातला हिरवा बोर्ड

१४ मार्च, रविवार सकाळ

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. आत्ता नको असतील तर बाजूला काढून ठेव, कधीतरी लागतात. आम्ही सगळे बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, मेसेज नुसते बघतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. पाकीट न फोडता टाकून देणं तुला जमणार नाही, लहानपणी तर दुसऱ्यांची पाकिटंसुद्धा फोडायचास.

तर पहिली बातमी ही की तुझा खण मी उघडला. ओरडू नकोस, बाबांनीच सांगितलं. मला आवाज संगणकात घ्यायला काहीतरी चांगलं हवं होतं, तर म्हणाले, "टिल्लूच्या खणात बघ, असलंच काहीतरी आणलं होतं त्यानं." आणि निघाला तो हिरवा बोर्ड, तळहाताएवढा, एका मोज्यात गुंडाळलेला. आवाजाचे आकडे करणारी चिप पारखून बघायला कंपन्या असले बोर्ड देतात, एवढं मला कळलं. पण सोबत ना माहितीपत्रक, ना चिठ्ठी. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. अरे, निदान मोजा तरी जोडीनं ठेवायचा! तुझं सगळं डोक्यात, कागदावर शून्य, आणि ते डोकं घेऊन तू बसलास तिकडे.

मला वाटलं, मी कानात बसणारी श्रवणयंत्रं दुरुस्त करते, त्यापुढे हे काय अवघड. गर्वाचं घर खाली, दुसरं काय! कामावर दुपारच्या सुट्टीत टेबलावर घेऊन बसायचे. मीटर लावून आधी ग्राउंड शोधलं, मग वीज कुठून आत जाते ते. जपून, चिप जळेल या धाकानं. बारीकसा दिवा लागला तेव्हा स्वतःच स्वतःला शाब्बास म्हणाले. पुढे ठणठणगोपाळ. संगणकावर नुसती सरळ रेघ. माईकमध्ये बोलले, ओरडले, शेवटी शिटी मारली, तरी रेघ ढिम्म. कान तपासणाऱ्या डॉक्टरबाई दारातून डोकावून गेल्या. त्यांना वाटलं असेल, हिलाच आता तपासायला हवं.

शेवटी भिंगातून चिपवरचा नंबर वाचला. बोर्डाचा कागद कुठेच नाही, पण चिपचा मिळाला. मग तिचा एकेक पाय बोर्डावर कुठवर जातो ते मीटरनं शोधलं. त्या पिनांवरच्या काळ्या टोप्या आहेत ना, त्यातली एक ठरवते की आकडे ज्या ठेक्यावर पाठवायचे तो ताल चिपनं द्यायचा की बाहेरून घ्यायचा. तू ती 'बाहेरून घ्यायचा' अशी लावून ठेवलेली. आणि बोर्डाचे आकडे संगणकात पोचवायला मी जोडलेलं कार्डही ताल घेणारंच! दोघं एकमेकांची वाट बघत मुकाट. मला हसूच फुटलं. आपल्या घरात एवढ्यासाठी वेगळं यंत्र कशाला आणलंस रे?

टोपी बदलली आणि रेघ थरथरली. घरी आणून बाबांना माईकसमोर बसवलं, आईचं कपाट उघडं टाकून, म्हणजे कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. एक वाक्य घेतलं, ऐकवलं, तर बाबा चक्क उंदरासारखे! बोर्ड अर्ध्या वेगानं आकडे देत होता, संगणक ते पूर्ण वेगानं वाजवत होता. ती दुसरी टोपी. बाबा इतके हसले, इतके हसले, की खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना.

खोकल्याचं आलंच आहे तर लिहिते. वर 'सगळे बरे आहोत' लिहिलंय, ते खरं नाही. बाबांच्या घशात गाठ निघाली आहे. 'एक छोटंसं ऑपरेशन आहे' असं लिहायचं ठरवून बसले होते, पण तुला खोटं लिहिताना हात चालत नाही. स्वरयंत्र काढावं लागणार. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आवाज मात्र जाईल. कायमचा.

म्हणून हा सगळा खटाटोप. हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, आत्ताच भरपूर वाक्यं स्वच्छ नोंदवून ठेवा, पुढे ते टाइप करतील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. फोनवर घेऊन बघितलं, पण तो मेला बाबांचा श्वाससुद्धा खरखर समजून पुसून टाकतो. बाबा श्वास घेऊन बोलतात, तुला माहीत आहे. तो गेला तर बाबा कसले?

आठवडाभर वाचत होते. दमतात, पण कुरकुर नाही. "दार लावून घ्या", "चहा गार झाला", "मला सगळं कळतंय", असली वाक्यं. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून तीनदा म्हटलं.

काल हाका घ्यायच्या होत्या. बाईंनी बजावलं होतं की घरातल्यांना ज्या नावानं हाक मारता ती अगदी खरीखुरी मारून घ्या, नाहीतर यंत्र परक्यासारखं बोलतं. बाबांनी मला हाक मारली, नातीला मारली, शेजारच्या काकांना मारली, मांजरीला तर दोनदा. तुझ्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं, पाणी हवंय.

"हे नको," म्हणाले.

"बाबा, राहून जाईल हो. यंत्राला नंतर नाही येणार."

"नको येऊ दे. ती हाक मी मशीनला मारणार नाही. त्याला मारायची आहे."

टिल्लू, आई गेली त्या दिवशी दारात ते तुला "आता कशाला आलास" म्हणाले, ते मीही ऐकलं. तू आल्या पावली वळलास. ते तुला चुकीचं बोलले, हे मी आजही म्हणेन आणि त्यांच्या तोंडावर म्हटलंय. पण ते शब्द परत घ्यायला समोर तू हवास, आणि घ्यायला त्यांचा आवाज हवा. दोन्ही एका वेळी असतील असे थोडेच दिवस उरलेत.

बावीस तारखेला, सोमवारी सकाळी, त्यांना आत नेतील. त्याआधी ये. नाहीच जमलं तर फोन कर, मी त्यांच्या तोंडाशी धरते. काय बोलायचं याचा विचार करत बसू नकोस, माफीबिफी काही नको, त्यांनाही ते जमणार नाही. त्यांना फक्त हाक मारू दे.

तू ओ दे.

तुझी,
ताई