पाळकसाहेबांचा घसा

रविवार, ७ जून

कपावर फोटो! माझ्या नवऱ्याचा फोटो, चहाच्या कपावर!

आणि आज चर्चमधला ह्यांचा उपदेश कशावर? मूर्तिपूजेवर. म्हणजे आपण मनात ज्या बसवून ठेवतो त्या मूर्ती — मोबाइल, गाडी, मुलांचे मार्क, लोकांची वाहवा. तासभर हे पोटतिडकीने सांगत होते. घसा बसलेला, दर पाच वाक्यांना पाणी. खाली सगळे माना डोलवत होते. उपासना संपली आणि सेक्रेटरींनी खोकं उघडलं. आत कप. त्यावर हात वर केलेले पाळकसाहेब. घरटी एक! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे सांगणारा आणि ऐकणारे दोघंही कोरडेच.

"वहिनी, कसे झालेत?" — सेक्रेटरी. मी "छान" म्हटलं. आणखी काय म्हणणार? ह्यांनी कप फिरवून फिरवून पाहिला. मला वाटलं आता म्हणतील, हे नको. पण तसं काही म्हणाले नाहीत. मी पण त्याच कपातून चहा प्यायले, दुसरा कप नव्हता.

जेवताना बेकरीवाल्या बाईंचा फोन. स्कूटर विकू का नको, पाळकसाहेबांना जरा प्रार्थना करायला सांगा. अहो बाई, देव काय फक्त आमच्याच घरी राहतो? पण हे घास टाकून उठले. तोच खर्जातला आवाज, तसलीच लांबलचक प्रार्थना. परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "मीठ दे." आज माझ्या वाट्याला आलेले दोन शब्द.

मंगळवार, ९ जून

सकाळी ह्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच नाही. नुसती हवा.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंना सूज आहे, वर गाठीसारखं काहीतरी. पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाऊ शकतो.

ह्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं — रविवारचं काय?

"कायमचा" हा शब्द ह्यांच्या कानावरून गेला बहुतेक. येताना लहान मुलांची पाटी आणि खडू घेऊन आले.

बुधवार, १० जून

मी रक्त काढते त्या लॅबमध्ये आज चर्चच्या मंडळीतले तिघे तपासणीसाठी रक्त द्यायला आले. उपाशीपोटी असल्यामुळे आधीच चिडलेले. तिघांनीही बाही वर केली आणि एकच विचारलं — रविवारपर्यंत होतील ना साहेब बरे? दुखतंय का, गिळता येतंय का, रात्री झोप लागते का — एकानेही नाही. एकीला तर मी सुई टोचताना सांगितलं, "हलू नका." ती म्हणे, "वहिनी, मला तर त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय देव जवळ आल्यासारखं वाटतच नाही." आता ह्यावर काय बोलायचं? ट्यूब भरली, कापूस दाबला, पुढचा नंबर पुकारला.

गुरुवार, ११ जून

सेक्रेटरी घरी आले होते. उंटावरून शेळ्या हाकायची ह्या माणसाला भारी हौस. म्हणे, "वहिनी, काळजीच करू नका. गेल्या दोन वर्षांचे सगळे उपदेश आहेत माझ्याकडे रेकॉर्ड केलेले. स्पीकरवर लावू. साहेबांनी फक्त पुढे उभं राहायचं."

मी म्हटलं, "उभं कशाला राहायचं? कोणीतरी शास्त्रवाचन करा, गाणी म्हणा, प्रार्थना करा, घरी जा."

"प्रार्थना कोण करणार?" खरोखर गोंधळून विचारलं हो त्यांनी! "आणि लोकांना साहेब दिसायला नकोत?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता पाटी उचलतील आणि मोठ्या अक्षरात "नाही" लिहितील. ह्यांनी मान डोलावली. हो म्हणून! मी उठून आत गेले, नाहीतर काहीबाही बोलले असते.

रविवार, १४ जून

हसावं की रडावं कळत नाही.

हे पुढे उभे. ठेवणीतला कोट. वर स्पीकरमधून गेल्या वर्षीचे हे बोलतायत. आणि खालचे हे हात हलवतायत! जिथे आवाज चढतो तिथे बोट वर, जिथे उतरतो तिथे डोळे मिटलेले. तोंड गच्च बंद. मधेच स्पीकरमधल्या ह्यांनी म्हटलं, "आज बाहेर केवढी थंडी आहे पाहा." लोक घामाने निथळत होते. एकही हसला नाही. पहिल्या बाकावरचे आजोबा "आमेन" म्हणाले.

बाहेर पडताना बेकरीवाल्या बाई डोळे पुसत होत्या. "साहेब, आज तर नेहमीपेक्षाही छान बोललात."

घरी आल्यावर माझा ताबा सुटला. म्हटलं, "अहो, आज तुम्ही तिथे नुसते उभे होतात आणि लोक तुमच्यापुढे माना झुकवत होते. गेल्या रविवारचा उपदेश आठवतो ना स्वतःचा? त्यात एक मूर्ती सांगायची राहिली तुमची." फार लागेल असं बोलले. ठाऊक होतं आणि तरी बोलले. ह्यांनी पाटी पुसली. खडू टेबलावर ठेवला आणि आत निघून गेले.

सोमवार, १५ जून

मी ह्यांच्याशी बोलत नाहीये. एरवीही ऐकत नाहीत, त्यामुळे ह्यांना फरक कळायला काही मार्ग नाही.

बुधवार, १७ जून

लॅबमधून आले तर पाटी जेवणाच्या टेबलावर, माझ्या जागेवर. तिच्यावर लिहिलं होतं — तिथून खाली उतरलो तर मी कोण?

आधी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा नवरा! आणखी कोण!" ओरडलेच. आणि मग मलाच रडू फुटलं. कारण प्रश्न खरा होता. ह्या माणसाने खरंच कधी दुसरं काही होऊन पाहिलेलंच नाही. मंडळीने उचललं, हे उचलले गेले, आणि मीही खालून मान वर करून बघत राहिले. मला आवाज नकोच होता कधी. मला घरी येणारा माणूस हवा होता. तो परत मिळणार का नाही, एवढीच मला धास्ती आहे. घसा काय, आज ना उद्या बरा होईल.

हे सगळं बोलून दाखवलं. ह्यांनी पाटी पुसली आणि सेक्रेटरींसाठी लिहिलं — रेकॉर्डिंग नको. त्याचा फोटो काढून मीच पाठवला, ह्यांचा विचार बदलायच्या आत.

शनिवार, २० जून

सेक्रेटरींचे चार फोन. "वहिनी, लोक दुसऱ्या चर्चमध्ये जातील."

म्हटलं, "जाऊ द्या. तिथेही देव असेलच."

"तुम्हाला सगळी चेष्टा वाटते," म्हणाले. चेष्टा! मला रात्र रात्र झोप नाही.

रविवार, २१ जून

अर्धे बाक रिकामे. गेले, खरंच गेले. देवाच्या भेटीला येत होते म्हणे! चिडचिड झाली नुसती.

पण हे माझ्या शेजारी बसले. पाळकाची बायको नेहमी एकटीच बसते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या शेजारी पर्स असते. आज पर्स मांडीवर घ्यावी लागली. ह्यांना कुठे बघावं तेच कळेना. गाण्याचं पुस्तक उलटसुलट करत होते, नवीन पाहुण्यासारखे.

वाचन झालं, गाणं झालं, मग प्रार्थनेची वेळ आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सेक्रेटरी उठले. उठले खरे, पण शब्द फुटेना. एरवी सूचना द्यायला अर्धा तास पुरत नाही ह्या माणसाला! मला बरं वाटत होतं त्यांची फजिती बघून, खोटं कशाला लिहू. मग ते म्हणाले, "देवा, माझी बायको महिनाभर माझ्याशी धड बोलत नाही. चूक माझी आहे. मला माफी मागता येत नाही. मागायला शिकव. एवढंच. आमेन." आणि धपकन खाली बसले.

त्यांची बायको दोन बाक पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिची मान खाली गेली. ह्यांनी माझा हात धरला होता, तो कधी धरला ते मला आठवत नाही.

सेक्रेटरींना इतकी वर्षं मी काय काय म्हटलंय ह्या वहीत. असो.

शुक्रवार, २६ जून

बुधवारी हे एकटेच डॉक्टरांना दाखवून आले. काय म्हणाले विचारलं, तर पाटीवर लिहिलं — सावकाश.

मी घरी आले की बोलत सुटते. कुणाची शीर सापडली नाही, कोण सुई बघूनच आडवा झाला, मोठ्या मॅडमनी कुणाला फैलावर घेतलं. हे लसूण सोलतात आणि ऐकतात. खरोखर ऐकतात! मधे मधे पाटीवर प्रश्न — मग त्या आडव्या झालेल्याचं पुढे काय झालं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या गोष्टीला "पुढे" आहे.

फोनही बंद झालेत. बेकरीवाल्या बाईंनी स्कूटर विकली, आपल्या मनाने. भाव बरा आला म्हणे.

रविवार, ५ जुलै

गेलेल्यांतले काही परत आले. आज तर चौघांनी प्रार्थना केली. एक फार लांबली, एक अगदी पाठ केलेली, एका आजींनी मधेच कुणाला तरी दार लोटून घ्यायला सांगितलं आणि पुन्हा प्रार्थना चालू. काही का असेना, आपापल्या तोंडाने केली. हे शेजारी बसून होते. आता पुस्तक सरळ धरतात.

मग माझी पाळी आली, मनातल्या मनात. डोळे मिटले आणि जे निघालं ते असं — देवा, ह्यांचा आवाज परत येऊ देऊ नकोस.

डोळे उघडले. ही प्रार्थना झाली? लोकांनी नुसते कप छापले तर मी महिनाभर बोंब मारली, आणि मी? मी ह्या माणसाला अख्खा माझ्या देव्हाऱ्यात बसवायला निघाले, मुका करून! ह्यांचं कामच काढून घे म्हटलं मी देवाला, मला संध्याकाळी गप्पा मारायला कुणी हवं म्हणून. सगळ्यांच्या मूर्ती दिसल्या, स्वतःची सोडून. वैताग आलाय स्वतःचा.

गुरुवार, ९ जुलै

चार दिवस गिळलं, मग सांगून टाकलं. "मी अशी अशी प्रार्थना केली." वाटलं, चिडतील. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी घेतली आणि लिहिलं — मी पण.

मग हे उठून कप विसळायला गेले, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या दात-ओठ खात म्हटलं, देवा, दे ह्यांचा आवाज परत. तो तुझा आहे. मला नको असला तरी दे. मनापासून म्हटलं नाही. पण म्हटलं. रोज म्हणणार आहे, मनापासून निघेपर्यंत.

मंगळवार, १४ जुलै

घशाचे डॉक्टर आज स्वतःची साखर तपासायला लॅबमध्ये आले. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब आता जोरात ना? मागच्या महिन्यातच सांगितलं त्यांना, घसा साफ आहे, बोला आता." माझ्याकडून शीर चुकली. दोनदा टोचावं लागलं त्यांना.

घरी आले. हे पाटी घेऊन दारात. मी पाटी काढून घेतली. "अहो, आज डॉक्टर भेटले होते."

मग त्याच आवाजात, पण अगदी हळू — "या रविवारी बोलेन मी. मला फक्त थोडे दिवस तुझ्याशेजारी बसायचं होतं."