आपल्या घरातलं ‘जरा’

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड त्याहून जास्त, म्हणजे प्रकृती उत्तम. मी सध्या अर्धा दिवसच कामाला जाते. कवळ्यांचे साचे आता नवी मुलगी ओतते, मी फक्त मेणात दात बसवते आणि कडा घासते. परवा एका आजोबांची कवळी पुन्हा परत आली. म्हणे, ही लावून हसलो की मी माझ्या धाकट्या भावासारखा दिसतो आणि त्याचं-माझं पटत नाही! आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मग हसण्याचा दंड भरावा लागला. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ गेली आणि मी मागच्या खोलीत बाकावर जाऊन आडवी झाले. मालकीणबाई आता काही विचारत नाहीत. त्यांनी तिथे एक उशी आणून ठेवली आहे.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, हाताचे, मानेचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, जरा दमलेय इतकंच. बाबा शेजारीच होते. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणाले, आणि खुशीत चहा टाकायला गेले. मी मात्र त्या ‘जरा’पाशीच अडकले. बाहेरच्या माणसाला ‘जरा’ म्हणजे थोडंसं वाटतं. आपल्या घरात तो शब्द उलटा चालतो आणि तो उलटा मीच केला. ‘जरा पडते’ म्हणजे आज स्वयंपाकाची आशा सोडा. ‘जरा बरं नाही’ म्हणजे दार लोटून घ्या आणि हळू बोला. तू बोलायला शिकलीस तीच या भाषेत. बाहुल्यांना ओळीने निजवून दटावायचीस, आवाज नको, आईला जरा बरं नाहीये. येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणी पोर! मलाही तुझं कौतुकच वाटायचं. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा तू नुकती पळायला लागली होतीस. बाबा त्याला घरजावई म्हणायचे, खातं-पितं आणि हलायचं नाव घेत नाही. ते हसवायला म्हणायचे, मीही हसायचे. किती डॉक्टर झाले, किती तपासण्या झाल्या! प्रत्येक वेळी नॉर्मल. बाबा सुटकेचा श्वास सोडायचे आणि मी न्हाणीघरात जाऊन रडायचे, की अरे, मग दुखतंय ते काय? तुझ्या काकूने एकदा भर पंगतीत विचारलं, वहिनी, दुखतं नक्की कुठे, हातात की डोक्यात? सगळे हसले. पुढे पुढे मलाच शंका यायला लागली की मी ढोंग तर करत नाही ना. दाराची बेल वाजली तरी मी आतल्या खोलीची कडी लावून घ्यायचे. केस विंचरणंही जिवावर यायचं. ज्या गोळ्या शक्तीच्या आहेत म्हणून तुला सांगितलं होतं, त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या होत्या. अजूनही घेते. त्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, कारण सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, आणि इतकी वर्षं अंग दुखल्यावर मन थकणारच. हे एक वाक्य ऐकायला मी किती थांबले होते! पण घरी येऊन ते कोणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही.

तुझं मनगट मोडलं होतं तो दिवस तुला आठवतो की नाही, माहीत नाही. तू सायकलवरून पडलीस, घरी आलीस, मी आत पडून होते म्हणून न बोलता हात धुतलास आणि अभ्यासाला बसलीस. रात्री जेवताना तू डाव्या हाताने घास घेतेस हे बाबांनी पाहिलं. काय गं, असं विचारल्यावर म्हणालीस, जरा लागलंय. एक्स-रेत हाडाचे सरळ दोन तुकडे! डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. सगळे हळहळले, नर्सने तुझ्या गालाला हात लावला. आणि मी, तुझी आई, हाडातल्या त्या काळ्या रेघेकडे बघत होते आणि मला तुझा हेवा वाटत होता. तुझं दुखणं दिसत होतं ना! सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. क्षणभरच वाटलं गं, पण ते मी स्वतःला कधीच माफ केलं नाही.

आता तुझं दुखणंही दिसेनासं झालंय. केकच्या दुकानात दिवसभर उभं राहून क्रीमच्या पिशव्या दाबायच्या आणि घरी येऊन एकटीने कुढत पडायचं, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. हे माझ्याकडून तुझ्या अंगात आलं का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं कुणीच सांगू शकत नाही. आलंही असेल. तुला माझं नाक मिळालं तेव्हाच बाबा हळहळले होते. पण दुखणं लपवण्याची विद्या मात्र तू माझ्याचकडून शिकलीस, त्यासाठी कुठली तपासणी नको.

म्हणून मी येतेय. पुढच्या शुक्रवारी, सकाळच्या बसने, एकटी. हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नको गं आई, तुला प्रवास झेपायचा नाही. आणि खरं सांगू? ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं असतं आणि मी घरीच राहिले असते. हे पत्र पेटीत पडलं की माझे परतीचे दोर कापले. बसमध्ये जीव घाबरेल, मला माहीत आहे. एखाद्या थांब्यावर उतरून बसेन, पुढची बस धरेन. उशीर होईल, पण येईन. तुला बरं करायला येत नाहीये, ते जमत असतं तर आधी स्वतःवर केलं नसतं का? तू मला सांगायचंस कुठे दुखतंय, किती दुखतंय, मनात काय काय येतं, आणि मी ऐकायचं. उसंत मिळाली तर मीही सांगेन. घर आवरू नकोस, काही रांधू नकोस. किल्ली शेजारणीकडे ठेव. दार उघडायला उठायचं नाही, पडून राहायचं. मी आत येईन.

तुझीच,
आई